पाळण्यात फक्त बाळ

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आईची बॅग म्हणजे एक छोटा संसारच असतो. सांगलीच्या आजींनी इंग्लंडमधील लेस्टरला नेण्यासाठी जी बॅग भरली, तीत अळिवाचे आणि डिंकाचे लाडू होते, बाळंतशेपा होती, सुंठ आणि ओवा होता, कुंची, टोपडी, झबली होती. सर्वांत वर, घडी मोडू नये अशा बेताने, जुन्या मऊ साड्यांची गोधडी ठेवलेली होती. तिचे टाके आजींनी सहा महिने दुपारच्या उन्हात बसून घातले होते. शिवाय एक छोटी, रिकामी खोळ होती. बाळाचे डोके गोल यावे म्हणून करावयाच्या मोहरीच्या उशीची ती खोळ. मोहरी तिकडेच मिळेल, असे लेकीने फोनवर सांगितले होते.

मोहरी खरोखरच मिळाली. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर डाळी-तांदळापासून उदबत्तीपर्यंत काय मिळत नाही? शहरात जैन मंदिर आहे, हे पाहून आजींचा अर्धा परकेपणा तेथेच गळून पडला. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत नात जन्मली. तिला घरी आणण्यापूर्वीच आजींनी तिचा पाळणा सजवला. खाली दुहेरी गोधडी, डोक्याखाली मोहरीची उशी, पायथ्याशी लोकरीचे पांघरूण, कडेने मित्रमंडळींनी दिलेली कापसाची खेळणी. पाळणा भरलेला दिसला, आणि आजींना समाधान वाटले.

त्या देशात बाळंतिणीच्या घरी सरकारी आरोग्यसेवेची आरोग्यसेविका येते. बाळ दहा-चौदा दिवसांचे झाले की ती बाळाचे वजन, दूध आणि आईची प्रकृती यांची विचारपूस करते. लेकीकडे आलेली बाई मध्यमवयीन, हसतमुख होती. सर्व चौकशी झाल्यावर ती म्हणाली, "बाळ झोपते ती जागा मला दाखवता का?"

पाळण्याजवळ उभी राहून तिने एकेक वस्तू उचलली आणि नीट घडी करून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. उशी गेली, खेळणी गेली, लोकरीचे पांघरूण गेले, शेवटी गोधडीही गेली. उरली ती सपाट, कडक गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर. "पाळण्यात बाळाशिवाय काही नको," ती म्हणाली, "आणि प्रत्येक वेळी उताणेच झोपवा. रात्री आणि दिवसाही."

लेकीने भाषांतर करून सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत. रिकामा पाळणा हे शब्दच मराठी कानाला अशुभ वाटतात. सहा महिन्यांचे टाके खुर्चीवर पडलेले पाहून त्यांना वाईट वाटले, हे तर खरेच. परंतु त्यांचा चेहरा उतरला तो गोधडीमुळे नव्हे. 'उताणे' हा शब्द ऐकून उतरला. ही गोष्ट लेकीच्या ध्यानात आली, पण कारण कळले नाही.

त्याच रात्री तीन वाजता लेक उठली तेव्हा बाळ कुशीवर होते आणि त्याच्या पाठीशी गुंडाळलेले दुपटे लावलेले होते. तिने बाळाला पुन्हा उताणे केले. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मात्र तिचा संयम सुटला. "आई, तुला बाळाची काळजी आहे की स्वतःच्या हट्टाची?" ती म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिलाच वाईट वाटले.

आजी पलंगाच्या कडेवर बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुम्हा भावंडांच्या आधी मला एक झाला होता."

तेहतीस वर्षांच्या त्या लेकीने ही गोष्ट आयुष्यात प्रथमच ऐकली. 1984 सालचा पौष महिना होता. मुलगा तीन महिन्यांचा, अंगाने भरलेला, हाक मारली की हसणारा. रात्री त्याला पाजून आजींनी आपल्याच अंथरुणात शेजारी उताणे निजवले, थंडी म्हणून अंगावरची रजई त्याच्यावरही ओढून घेतली. पहाटे हात लावला तेव्हा तो गार होता. डॉक्टर आले, मान हलवून गेले. घरातील वडीलधाऱ्या बाईंनी निकाल दिला, "पाजून ढेकर काढला नसेल. उताणे ठेवले, दूध श्वासात गेले." त्या एका वाक्यावर प्रकरण मिटले. पुन्हा त्या मुलाचे नाव घरात कोणी घेतले नाही आणि आजींनाही कोणी काही विचारले नाही. त्यानंतरच्या तिन्ही मुलांना आजींनी कधी उताणे झोपवले नाही. एकतर कुशीवर, नाहीतर पालथे. ती वाढली, मोठी झाली. त्यामुळे आजींच्या मनात ते वाक्य दरवर्षी अधिकच पक्के होत गेले.

लेकीने आरोग्यसेविकेला पुन्हा बोलावले. या खेपेस ती वजनकाटा न घेता आली आणि दोन तास बसली.

आजींनी लेकीमार्फत एकच प्रश्न विचारला, "उताणे ठेवल्यामुळेच दूध श्वासात गेले असेल ना?"

त्या बाईने आपल्या गळ्यावर हात ठेवून उत्तर दिले. माणूस उभा असताना श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका तिच्या मागे असते. बाळ उताणे निजले म्हणजे श्वासनलिका वर येते व अन्ननलिका खाली राहते. पोटातून वर आलेले दूध खालच्या बाजूस साचते. वर चढून श्वासनलिकेत शिरणे त्याला अवघड जाते, आणि निरोगी बाळ ते गिळते किंवा खोकून बाहेर टाकते. पालथ्या बाळाचे मात्र उलटे होते. तेथे श्वासनलिकेचे तोंड खालच्या बाजूस येते. म्हणजे ज्या भीतीने घरोघरी बाळांना पालथे घालण्यात आले, ती भीतीच उलटी होती. कुशीवर ठेवणेही सुरक्षित नाही, कारण ती स्थिती डळमळीत असते. बाळ त्या स्थितीतून सहज पालथे होऊ शकते.

मग पालथे झोपण्यात धोका कशाचा? येथे आजींना समजावण्यासाठी लेकीने सांगलीचीच गोष्ट काढली. घराणे हळदीच्या अडतीचे. हरिपूरची पेवे आजींनी सून म्हणून आल्यापासून पाहिलेली. जमिनीखालच्या त्या खोल पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पण पेव उघडल्याबरोबर आत कोणी उतरत नसे. आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते, हे तेथील हमालाच्या पोरालाही ठाऊक असे. मऊ गादीत, उशीत किंवा रजईच्या घडीत बाळाचे तोंड रुतले, की नाकासमोर तसेच एक छोटे पेव तयार होते. बाळ सोडलेलीच हवा पुन्हा आत घेऊ लागते, तीत कर्बवायू वाढत जातो. मोठा माणूस अशा वेळी दचकून जागा होतो, मान वळवतो. काही बाळांच्या मेंदूतील ही जागे होण्याची व्यवस्था अजून कच्ची असते. ते जागे होत नाही, रडत नाही, हातपायही झाडत नाही. म्हणूनच शेजारी निजलेल्या आईलाही काही कळत नाही.

शास्त्रज्ञ या आकस्मिक शिशुमृत्यूकडे, ज्याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम किंवा 'सिड्स' म्हणतात, तीन गोष्टींचा योग म्हणून पाहतात. एक, बाळातील न दिसणारी नाजूक बाजू. दोन, वयाचा विशिष्ट काळ. असे बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात आणि त्यांतही दुसरा ते चौथा महिना सर्वांत जोखमीचा असतो. तीन, बाहेरचा ताण. म्हणजे पालथी निद्रा, मऊ अंथरूण, अति उष्णता, तंबाखूचा धूर. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हाती नाहीत. तिसरी मात्र जवळजवळ पूर्णपणे आपल्या हाती आहे.

"मग माझ्या मुलाचे काय झाले?" आजींनी विचारले.

त्या बाईने खोटा दिलासा दिला नाही. शवविच्छेदन, झोपण्याच्या जागेची तपासणी आणि पूर्वीच्या प्रकृतीची माहिती, हे सर्व पाहूनही कारण सापडले नाही, तरच मृत्यूला 'सिड्स' म्हणतात. 1984 मध्ये त्यांपैकी काहीच झाले नव्हते. त्यामुळे त्या पहाटे नेमके काय घडले, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. "पण," ती म्हणाली, "जिने तुम्हाला दोष दिला, तिलाही ते ठाऊक नव्हते. त्या काळात आमच्याकडचे डॉक्टरच आयांना सांगत होते, की बाळांना पालथे झोपवा."

हे तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक जगभर खपले. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यात बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला होता, आणि कारण तेच, उलटी झाल्यास बाळ गुदमरू नये. युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांनी तोच पाठ गिरवला. 1985 मध्ये डी. पी. डेव्हिस या बालरोगतज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की हाँगकाँगमध्ये असे मृत्यू फारच थोडे होतात. तेथील चिनी कुटुंबांत बाळांना उताणे झोपवण्याची रीत होती. 1987 मध्ये नेदरलँड्समध्ये पालथे झोपवण्याविरुद्ध सल्ला दिला गेला. न्यूझीलंडमधील तीन वर्षांच्या मोठ्या अभ्यासाने आणि इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या प्रा. पीटर फ्लेमिंग यांच्या संशोधनाने तीच गोष्ट सिद्ध केली.

तरीही शास्त्रज्ञांचे कागद घराघरांत पोहोचवण्यासाठी एका आईला उभे राहावे लागले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील निवेदिका ॲन डायमंड यांचा चार महिन्यांचा मुलगा सेबॅस्टियन जुलै 1991 मध्ये झोपेतच गेला. न्यूझीलंडमध्ये जे आयांना सांगितले जात होते ते आपल्याला कोणी का सांगितले नाही, हा प्रश्न घेऊन त्यांनी सरकारचा पाठपुरावा केला. त्याच वर्षअखेर बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि थोड्याच वर्षांत ब्रिटनमधील असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. 1994 मध्ये अमेरिकेनेही तशीच मोहीम काढली. तेथेही आकडा निम्म्याहून खाली आला. नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते, खर्च नव्हता. केवळ झोपण्याची बाजू बदलली होती. 2005 मध्ये संशोधकांनी जुन्या सर्व नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा आढळले की 1970 पर्यंतच पुरेसा पुरावा हाती आलेला होता. तो वेळीच कोणी एकत्र मांडला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक बाळे वाचली असती.

फोनवर हा सर्व वृत्तांत ऐकून सांगलीच्या आजोबांनी व्यापाऱ्याच्या भाषेत त्याचे सार काढले, "एका दुकानाच्या खातेवहीवरून बाजाराचा भाव ठरत नाही." आमची तीन मुले पालथी झोपूनच वाढली, हे म्हणणे खोटे नाही, परंतु ती एका दुकानाची वही झाली. हजारो घरांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावरच जोखीम दिसते. जी घरे वाचली ती बोलतात, ज्यांचे बाळ गेले ती गप्प राहतात, आणि रूढी फक्त बोलणाऱ्यांचे ऐकून बनते.

आपल्या रीतीभातींत सर्वच चुकीचे होते असे मात्र नव्हे. इंग्लंडमधील नोंदींवरून असे दिसून आले, की भारतीय उपखंडातून आलेल्या मातांच्या बाळांमध्ये हे मृत्यू तेथील गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी होते. या घरांतील स्त्रिया सहसा धूम्रपान करीत नाहीत, बाळाला वेगळ्या खोलीत एकटे ठेवत नाहीत. आरोग्यसेविकेने हे सांगितले, तेव्हा आजी प्रथमच किंचित हसल्या. म्हणजे बाळ आईच्या खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर असावे, ही आपली जुनी रीत तेथील डॉक्टरांनाही मान्य आहे. निदान पहिले सहा महिने तरी तसे करावे, असे ते सांगतात. फक्त अंथरूण वेगळे असावे.

ज्या घरांत लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांच्यासाठी बाकीच्या गोष्टी येथेच सांगणे योग्य होईल. गादी कडक व सपाट असावी. साडीच्या झोळीत बाळ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून झोळीत झोप लागल्यास त्याला उचलून सपाट जागी ठेवावे. मोहरीची उशी काढून टाकावी. सतत उताणे झोपल्याने डोके मागून थोडे चपटे झाले, तरी ते बहुधा पुढे आपोआप भरून येते. शिवाय झोपवताना डोक्याची बाजू आलटून पालटून बदलता येते. घरात टोपडे नको. बाळ अंगातील बरीचशी उष्णता डोक्यावाटे टाकते. हातपाय गार लागले म्हणून कपडे चढवू नयेत. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून पाहावे, तेथे घाम असेल तर एक कपडा उतरवावा.

आईचे दूध किमान दोन महिने मिळाले तरी ही जोखीम जवळजवळ निम्मी होते. लसीकरणानेही ती कमी होते. गरोदरपणात आणि नंतर तंबाखूचा धूर आईच्या व बाळाच्या आसपास नको. आपल्या समाजात व्यसनमुक्तीचे संस्कार आहेत. तरी घरातील एखादा तरुण बाहेर ओढून येतो, ही गोष्ट झाकून ठेवण्याजोगी नाही. जागेअभावी बाळ आईच्याच अंथरुणात निजत असेल, तर मोठ्यांच्या उशा व रजया त्याच्यापासून दूर ठेवाव्यात आणि त्याला दोन माणसांच्या मध्ये घेऊ नये. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, अथवा शेजारी निजणाऱ्याने धूम्रपान, मद्य वा झोपेचे औषध घेतले असेल, तर एका अंथरुणात मुळीच निजू नये. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणे तर सर्वांत घातक. आणि आजी-आजोबांसाठी एक विशेष गोष्ट. ज्या बाळाला उताणे झोपण्याची सवय आहे, त्याला एखाद्या दुपारी दुसऱ्या कोणी पालथे घातले, तर त्याचा धोका नेहमीपेक्षा अधिक असतो. म्हणून बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येक हाताला हा नियम ठाऊक हवा.

हे सर्व पाळूनही जोखीम शून्य होत नाही, खूप कमी होते. व्यापारी माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मालाचा विमा उतरवणारा मनुष्य आग लागणारच नाही असे म्हणत नाही; परंतु म्हणून तो गोदामात दिवा उघडा ठेवत नाही.

आपल्या मुनींना पाच समितींचे पालन सांगितले आहे. त्यांपैकी आदान-निक्षेपण समिती म्हणजे कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला इजा होणार नाही, अशी दक्षता. श्रावकाच्या घरात रात्री बाळाला पाळण्यात ठेवणारा हात त्या समितीचाच एक धडा गिरवत असतो. धर्माने प्रमादाला हिंसेचे मूळ मानले आहे. परंतु प्रमाद म्हणजे जे ठाऊक असूनही केले नाही ते. जे कोणालाच ठाऊक नव्हते, त्याचा ठपका एका विशीतल्या आईच्या माथी मारणे हा कर्मसिद्धांत नव्हे. तो सिद्धांत स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याचे दुःख मोजण्याचा तराजू म्हणून तो दिलेला नाही.

त्या दिवशी निघताना आरोग्यसेविकेने आजींना एक प्रश्न विचारला. लेकीचाही आवाज तो भाषांतरित करताना अडखळला. "तुमच्या मुलाचे नाव काय होते?" आजींनी नाव सांगितले. चाळीस वर्षांत ते त्यांच्या तोंडून प्रथमच बाहेर पडले होते. त्या रात्री नात उताणी झोपली, आणि तिच्या पाठीशी दुपटे लावायला कोणी उठले नाही.

गोधडीलाही काम मिळाले. बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसलेले असताना, त्याला रोज थोडा वेळ पालथे घालावे, म्हणजे मान व खांदे बळकट होतात, असे ती बाई सांगून गेली होती. रोज सकाळी दिवाणखान्यात जमिनीवर गोधडी अंथरली जाई. तिच्यावर नात मान उचलण्याची खटपट करी, आणि समोर आजी बसलेल्या असत.

आजी सांगलीला परतल्या त्याला आता वर्ष होईल. दिराच्या नातवाच्या बारशाला त्या गेल्या तेव्हा पाळण्यातली मोहरीची उशी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली आणि जमलेल्या बायकांना कारण सांगितले. कोणी ऐकले, कोणी मान वळवली. आजींनी वाद घातला नाही. पण उशी परतही ठेवली नाही.

पौष महिन्यात त्या मंदिरात गेल्या. पूजेसाठी देणगी दिली. पावती लिहिता लिहिता मुनीमजींनी नाव विचारले आणि लिहून झाल्यावर चष्म्यावरून पाहिले. "हे कोण, काकू? तुमच्या घरात या नावाचे कोणी नाही."

"माझा थोरला," आजी म्हणाल्या, आणि पावती घडी करून त्यांनी पदराच्या टोकाला बांधली.